गावात नळाचं पाणी हवंय? अर्ज कुणाकडे करायचा, ठराव कसा घ्यायचा, कागदपत्रं कोणती लागतात

पाण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "नळाचा फॉर्म कुठे मिळतो?" फॉर्म ग्रामपंचायतीत मिळतो आणि तो भरायला दहा मिनिटं पुरतात. त्याचा उपयोग मात्र गावात चालू योजना आणि बारमाही स्रोत असेल तरच होतो. म्हणून आधी आपलं गाव कुठल्या टप्प्यावर आहे ते पाहा. योजना चालू आहे आणि फक्त तुमच्या घरी नळ नाही, योजनाच नाही किंवा उन्हाळ्यात स्रोत आटतो, की नळाला पाणी येतं पण ते पिण्यासारखं नाही? तिन्हींची वाट वेगळी आहे.

जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाली. ग्रामीण भागातल्या प्रत्येक घराला नळ, माणशी रोज किमान ५५ लिटर पाणी आणि ते आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात बसणारं, हे त्याचं उद्दिष्ट आहे. म्हणजे पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर. मूळ मुदत २०२४ ची होती, ती २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०२८ पर्यंत वाढवली गेली. महाराष्ट्रात केंद्र आणि राज्याचा वाटा निम्मा-निम्मा आहे.

योजना आहे, घरी नळ नाही

अर्ज ग्रामपंचायतीकडे, सरपंच आणि ग्रामसेवक (आताचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) यांच्या नावे करायचा. जातीची किंवा उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे ते दाखले काढण्यात पैसे आणि दिवस घालवू नका. साधारणपणे कुटुंबप्रमुखाचं आधार, रेशनकार्ड, घराचा ग्रामपंचायतीकडचा नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची चालू पावती मागतात. तलाठ्याकडचा ८-अ हा शेतजमिनीचा खातेउतारा असतो, तो इथे चालत नाही. घर आजोबांच्या नावावर असेल तर वारसांचं संमतीपत्र जोडा, भाड्याचं असेल तर मालकाचं. अनामत किंवा जोडणी शुल्क मागितलं तर ते ग्रामपंचायतीच्या ठरावाप्रमाणे आहे का ते विचारा आणि छापील पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचाच. पुढचा सगळा पाठपुरावा त्या शिक्क्यावर चालतो.

योजना नाही, किंवा स्रोत आटतो

इथे एकट्याचा अर्ज पुरत नाही, ग्रामसभेचा ठराव लागतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशीच्या सभा सगळ्यांना माहीत असतात. त्याआधी विषयपत्रिकेत पाण्याचा विषय घ्यावा, असं लेखी पत्र द्या. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० यांतली जी संख्या कमी असेल तेवढे हजर लागतात. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे आणि पाण्याचा विषय खरा तिथेच मांडला जावा. हंडे कोण वाहतं, रांगेत कोण उभं राहतं आणि कुठल्या वस्तीवर टँकर पोचत नाही, हे त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगू शकत नाही.

ग्रामसभेने ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती नेमायची किंवा जुनी असेल तर ती कामाला लावायची. मिशनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार समितीत १० ते १५ सदस्य असतात आणि त्यांत निम्म्या महिला. गावातल्या दुर्बल घटकांनाही त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात जागा द्यायची असते. समिती गाव कृती आराखडा करते. त्यात घरांची आणि जनावरांची संख्या, शाळा, अंगणवाडी, जुनी पाइपलाइन, सध्याचे स्रोत आणि सांडपाण्याची व्यवस्था हे सगळं यावं. शेतातली चार घरं, पाडा, तांडा आराखड्यात नसेल तर पुढे त्यांच्यापर्यंत पाइप जात नाही. म्हणून आराखडा ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्या, मगच सही करा.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती स्रोताची. टाकी बांधली, पाइप पुरले, घरोघरी तोट्या बसल्या आणि मार्चमध्ये विहीर तळाला गेली, तर सगळा खर्च मातीत जातो. त्यामुळे विहीर किंवा विंधन विहिरीची जागा गावातल्या वजनदार माणसाच्या सोयीने ठरू देऊ नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांकडून पाहणी आणि स्रोताचा दाखला घ्या. पाणी उपसा चाचणी भर उन्हाळ्यात झाली तर खरी परिस्थिती कळते, पावसाळा संपल्यावरचे आकडे फसवे असतात. जवळचे पाझर तलाव, नाला खोलीकरण, पुनर्भरण ही कामंही त्याच आराखड्यात धरा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर राज्याच्या भूजल कायद्याने बंधन घातलं आहे, हेही सभेत सांगायला हवं.

दुसरी अडचण जागेची. विहीर, पंपघर किंवा जलकुंभ खासगी जमिनीत असेल तर तोंडी शब्दावर काम सुरू करू नका. नोंदणीकृत बक्षीसपत्र करून सातबाऱ्यावर ग्रामपंचायतीचं नाव लावून घ्या. देणाऱ्याचा मोठेपणा खरा असतो, पण पुढच्या पिढीत वाटण्या होतात आणि विहिरीच्या वाटेवर कुंपण पडतं. वनजमीन असेल तर वनविभागाची परवानगी आधी लागते आणि तिला वेळ जातो.

लोकवर्गणीबद्दल गैरसमज फार आहेत. ती गावांतर्गत कामांच्या भांडवली खर्चाच्या १० टक्के असते. डोंगराळ आणि वनक्षेत्रातल्या गावांना, तसंच ५० टक्क्यांहून जास्त अनुसूचित जाती-जमातीची वस्ती असलेल्या गावांना ५ टक्के. ती रोख, साहित्य किंवा श्रमदान अशा कुठल्याही रूपात देता येते, त्यामुळे "पैसे नाहीत म्हणून योजना नाही" हे उत्तर मान्य करू नका.

प्रस्तावासोबत ग्रामसभेचा ठराव, समिती स्थापनेचा ठराव, गाव कृती आराखडा, स्रोताचा दाखला, पाणी तपासणी अहवाल, जागेची कागदपत्रं आणि देखभाल-दुरुस्ती व पाणीपट्टीची जबाबदारी घेणारा ठराव जोडतात. हा प्रस्ताव जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे जातो. अनेक गावांची प्रादेशिक योजना असेल तर महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाशीही संबंध येतो.

पाणी येतं, पण पिण्यासारखं नाही

स्वच्छ दिसणारं पाणी सुरक्षित असेलच असं नाही. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही भागांत फ्लोराइडने दात आणि हाडं खराब झाली आहेत आणि फ्लोराइड चवीवरून किंवा रंगावरून कळत नाही. मानकानुसार ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम. ई-कोलाय जिवाणू १०० मिलिलिटरमध्ये एकही असता कामा नये.

स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जैविक तपासणी दोनदा, पावसाळ्याआधी व नंतर, व्हायला हवी. अहवालाची प्रत ग्रामपंचायतीकडे मागा. स्वतःचं पाणी तपासायचं असेल तर शासकीय प्रयोगशाळेत माफक शुल्क भरून नमुना देता येतो. जैविक तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा. तोटी दोन-तीन मिनिटं वाहू द्या, मग बाटली भरा, थंड ठेवा आणि २४ तासांच्या आत पोचवा. घरातली धुतलेली बाटली त्यासाठी चालत नाही. गावात पाच महिलांना तपासणी संचाचं प्रशिक्षण देण्याचीही तरतूद आहे. तो संच कपाटात कुलूपबंद असेल तर बाहेर काढायला लावा.

जलसुरक्षक (पाणी शुद्धीकरणाचं काम पाहणारा ग्रामपंचायतीचा माणूस) टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर टाकतो का, ओटी तपासणी म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी करतो का, याची नोंदवही पाहता येते. शेवटच्या घराच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन मिळालं पाहिजे. टाकीजवळच्या नळाची नोंद पुरेशी धरू नका. पाणी दूषित होण्याचा धोका किती, त्यावरून पंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतात. आपल्याला कुठलं मिळालं आहे, हेही विचारा. लाल असेल तर स्रोताभोवतीची घाण, गळती आणि टीसीएलचा साठा यांवर तातडीने काम व्हायला हवं.

अर्ज पडून राहिला तर

आधी ग्रामपंचायतीला लेखी स्मरणपत्र द्या, मग गटविकास अधिकारी आणि त्यानंतर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. प्रत्येक पत्राला आधीच्या शिक्क्याची झेरॉक्स जोडा. तरीही उत्तर नसेल तर माहिती अधिकार अधिनियम २००५ खाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. "पाणी का येत नाही" असं विचारू नका. कार्यारंभ आदेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि स्रोताचा दाखला यांच्या प्रती मागा.