चरंगा आणि साल्सा: व्हायोलिन एकच, काम निराळे

क्यूबन संगीत नव्याने ऐकणाऱ्याला चरंगा आणि साल्सा हे दोन नृत्यसंगीताचे प्रकार एकच वाटतात, आणि त्यात नवल नाही. दोन्हींच्या बुडाशी तीन आणि दोन आघातांची क्लावे ही लय असते, दोन्हींत कोंगा हे हाताने आणि तिंबालेस हे काठ्यांनी वाजवायचे ढोल वाजतात. व्हायोलिनकडे कान दिला की मात्र फरक उलगडू लागतो. हवानात 1954 साली जन्मलेले व्हायोलिनवादक आल्फ्रेदो दे ला फे यांनी दोन्हीकडे वाजवले असल्यामुळे त्यांची कारकीर्द यासाठी फार उपयोगी पडते.

हवाना आणि वॉर्सा येथे पाश्चात्त्य अभिजात संगीताचे शिक्षण घेतलेला हा मुलगा कोवळ्या वयातच न्यूयॉर्कमध्ये बासरीवादक होसे फाहार्दो यांच्या चरंगात दाखल झाला. दान्सोन हे क्यूबातले जुने नृत्यसंगीत वाजवणाऱ्या वाद्यवृंदांतून घडलेल्या चरंगात बासरी, एकाहून अधिक व्हायोलिने, पियानो, बास, तालवाद्ये आणि गुइरो हे खरवडून वाजवायचे भोपळ्याचे वाद्य असते, ट्रम्पेट-ट्रॉम्बोन नसतात. गायक बहुधा एका सुरात मिळून गातात. व्हायोलिने एकत्रितपणे ग्वाहेओ, म्हणजे तालाला आडवा जाणारा एक छोटा स्वरबंध, पुन्हापुन्हा वाजवत राहतात आणि त्यावर बासरी मोकळेपणाने विहरते. तबल्याच्या एकल वादनात हार्मोनियमचा लेहरा जे करतो, तेच हे काम आहे.

साल्सा मुख्यतः सोन या क्यूबन गाण्या-नाचाच्या प्रकारावर उभा राहिला आणि 1960-70च्या दशकांत न्यूयॉर्कमध्ये वाढला. त्याचा आवाज पितळी वाद्यांचा. न्यूयॉर्कचे पियानोवादक एडी पालमिएरी यांनी 1961 मध्ये 'ला पेर्फेक्ता' हा वृंद काढला, तेव्हा बासरी ठेवून व्हायोलिनांच्या जागी ट्रॉम्बोन आणले होते. त्याच पालमिएरींनी 1970च्या दशकाच्या आरंभी दे ला फे यांना आपल्या वृंदात घेतले, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण व्हायोलिन परतले ते लेहरा धरायला नव्हे. इथे ते एकटे होते, पितळी वाद्यांपुढे ऐकू येण्यासाठी त्याला विजेची जोड लागत होती, आणि आवर्तन पियानोने सांभाळले की उत्स्फूर्त विस्तार त्याने करायचा होता. लॅटिन जॅझकडे जाणारी वाट इथेच लागते. तिथे गायकाहून वादकाच्या विस्ताराला अधिक जागा मिळते. पालमिएरींच्या 1974 च्या 'द सन ऑफ लॅटिन म्युझिक' या अल्बममध्ये दे ला फे यांचे व्हायोलिन आहे. लॅटिन ध्वनिमुद्रणासाठीचा पहिला ग्रॅमी याच अल्बमला मिळाला.

ही सीमारेषा अभेद्य नाही. चरंगातही व्हायोलिनला एकल वादनाची संधी मिळते. उलट दे ला फे साल्सात विस्तार करतानाही मध्येच ग्वाहेओवर उतरतात, गजाचे आखूड, तुटक फटके देत तोच स्वरबंध घोळवतात आणि मग पुन्हा लांब स्वरांकडे वळतात. त्यांच्या वादनातली ही ये-जा मला सर्वांत मोलाची वाटते. पुढे 'तिपिका 73' या वृंदातून त्यांनी थेट हवानात जाऊन ध्वनिमुद्रण केले, जे 1979 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि 1980च्या दशकात कोलंबियात राहून स्वतःच्या नावाने वृंद उभा केला, ज्यात व्हायोलिन हेच मुख्य वाद्य होते.