अबरदारोनच्या जुन्या लग्ननोंदी: कुठली नक्कल कुठून मागवायची

वेल्सच्या वायव्येला लीन द्वीपकल्पाच्या टोकावर, थेट समुद्राला लागून अबरदारोनचा पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला परिसर, आहे. इथली लग्ननोंद हवी असेल तर अर्ज भरण्याआधी साल ठरवा, कारण १ जुलै १८३७ या तारखेवर पुढचे सगळे अवलंबून आहे. त्या दिवसापासून इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी विवाहनोंदणी सुरू झाली. त्यानंतरच्या लग्नाचा दाखला मिळतो. त्याआधीच्या लग्नाची फक्त चर्चच्या वहीतली नोंद असते आणि तिची नक्कल अभिलेखागारातून घ्यावी लागते.

पात्रतेची अट जवळपास नाहीच. नाते सिद्ध करावे लागत नाही, शपथपत्र लागत नाही. परदेशात बसूनही कुणाच्याही लग्नाचा जुना दाखला मागवता येतो. लागते ती नेमकी माहिती: वधूवरांची पूर्ण नावे, लग्नाचे साल आणि ठिकाण.

१८३७ नंतरच्या दाखल्यासाठी जनरल रजिस्टर ऑफिस (जीआरओ) या मध्यवर्ती सरकारी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर खाते उघडून अर्ज करा. शुल्क २०२४ पासून १२.५० पौंड आहे. भरण्याआधी चालू दर पाहून घ्या. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींची स्वस्त डिजिटल प्रत मिळते तशी लग्नाची मिळत नाही, कागदी दाखलाच येतो. अर्जात जीआरओच्या लग्नसूचीतला संदर्भ द्यावा. फ्रीबीएमडी या सूची शोधण्याच्या संकेतस्थळावर तो फुकट सापडतो: साल, तिमाही, नोंदणी जिल्हा, खंड आणि पान. अबरदारोनचा जिल्हा पुल्हेली. खंड १८५१ पर्यंत रोमन आकड्यांत २७, त्यानंतर ११बी.

सर्वाधिक पैसे वाया जातात ते इथेच. मार्च १९१२ च्या तिमाहीपासून सूचीत जोडीदाराचे आडनाव छापले जाते, त्याआधी नाही. म्हणून वर आणि वधू दोघांची नावे वेगवेगळी शोधून खंड व पान जुळते का ते पाहावे लागते. एका पानावर सहसा एकाहून अधिक जोडपी असतात आणि या भागात जोन्स, विल्यम्स, रॉबर्ट्स यांचीच गर्दी. पान जुळले म्हणजे जोडपे सापडले असे नव्हे. वडिलांचे नाव किंवा शेतघराचे नाव हाताशी नसेल तर आधी जनगणना पाहा. १८४१ पासूनच्या याद्यांत घराचे नाव बऱ्याचदा मिळते, १८५१ पासून जन्माचा पॅरिशही.

दुसरी वाट ग्विनेड काउंटीच्या स्थानिक नोंदणी कार्यालयाची. तिथे जीआरओचा संदर्भ निरुपयोगी, कारण त्यांच्या वह्या इमारतीनुसार लावलेल्या असतात. चर्च, चॅपल की नोंदणी कचेरी, हे सांगावेच लागते. मेथडिस्ट, म्हणजे अधिकृत चर्चपासून वेगळ्या झालेल्या पंथाच्या, घराण्यांची लग्ने १८३७ नंतर चॅपलमध्ये (त्या पंथाच्या प्रार्थनागृहात) किंवा कचेरीत होऊ लागली, त्यामुळे ती चर्चच्या वहीत सापडत नाहीत. अबरदारोनला आणखी एक गुंता आहे. समुद्रकाठचे संत हवीनचे जुने चर्च सोडून १८४१ मध्ये नवे बांधले गेले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाव पुन्हा जुन्यात परतले. मधल्या काळातली नोंद ‘पॅरिश चर्च’ एवढेच म्हणत असेल तर ती कुठल्या इमारतीची, हे गृहीत धरू नका.

दाखला हाती आल्यावर वयाच्या रकान्यात ‘पूर्ण वय’ एवढेच दिसले तर त्याचा अर्थ २१ किंवा जास्त, इतकाच. जीआरओच्या जुन्या प्रतींतल्या सह्या नक्कल करणाऱ्याने उतरवलेल्या असतात. पणजोबांची खरी सही, किंवा निरक्षर वधूने नावाच्या मधोमध काढलेली फुली, पाहायची असेल तर मूळ वहीच पाहायला हवी.

१८३७ पूर्वीसाठी कार्नारफॉनचे ग्विनेड अभिलेखागार आणि अॅबेरिस्टविथचे वेल्सचे राष्ट्रीय ग्रंथालय या दोन जागा. जाण्यापूर्वी जागा राखून ठेवा, ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा सोबत न्या. बऱ्याच वेल्श वह्यांची छायाचित्रे फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या संकेतस्थळावरही आहेत. मूळ पान दमट हवेने खराब झाले असेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवलेली नक्कल मागा. त्या नकला राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. खलाशांना बॅन्सची, म्हणजे चर्चमधल्या तीन रविवारच्या जाहीर घोषणांची, वाट पाहायला सवड नसे. असा वर परवाना काढी. त्या परवान्यांच्या हमीपत्रांची १८३७ पर्यंतची सूचीही तिथेच फुकट पाहता येते. उलट, बॅन्सची नोंद सापडली म्हणून लग्न लागलेच असे समजू नये.

२५ मार्च १७५४ पासून ठरावीक नमुना, सह्या आणि दोन साक्षीदार सक्तीचे झाले. क्वेकर आणि ज्यू सोडून सर्वांना चर्चमध्येच लग्न करावे लागे, म्हणून १७५४ ते १८३७ या काळात मेथडिस्टही याच वह्यांत सापडतात. त्याआधीच्या नोंदी त्रोटक. १७३३ पर्यंत बऱ्याचदा लॅटिन. १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला बदले, म्हणून ‘फेब्रुवारी १७४०’ आपल्या हिशेबाने १७४१ होते.

आडनावांचे म्हणाल तर आपल्याकडे वडिलांचे नाव मधे येते, इथे तेच शेवटी. रॉबर्टचा मुलगा ग्रिफिथ रॉबर्ट्स, त्याचा मुलगा विल्यम ग्रिफिथ. एकच आडनाव धरून मागे गेलात तर एका पिढीतच वाट चुकते; शोधताना पहिले नाव, शेतघर आणि साक्षीदार हे तिन्ही जुळवा.