सेगोव्हिया
सेगोव्हिया : स्पेनमधील कास्तिया इ लेओन विभागातील सेगोव्हिया प्रांताची राजधानी. माद्रिदच्या वायव्येस सु. ९० किमी., सु. १,००० मी. उंचीवर. एरेस्मा व क्लामोरेस या नद्यांच्या मधल्या खडकाळ सोंडेवर जुने शहर वसले असून, जलसेतूसह त्याचा १९८५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

जलसेतू : ग्वादारामा पर्वतातील पाणी सु. १५ किमी.वरून आणणाऱ्या रोमन कालव्याचा हा शेवटचा, कमानींवरचा भाग. आसोगेखो चौकात त्याची उंची २८ मी.हून अधिक असून तेथे कमानी दुमजली आहेत. ग्रॅनाइटचे चिरे चुन्याविना, केवळ भार व घडणीच्या जोरावर उभे आहेत. चिऱ्यांवरचे खळगे हे ते उचलणाऱ्या चिमट्यांच्या पकडीसाठी कोरलेले. गावात शिरण्यापूर्वी पाणी हौदात थांबे व गाळ खाली बसे. ही सोय नसती तर पन्हळ लवकरच तुंबली असती.

बांधणीचा काळ वादग्रस्त आहे. सेतूवरील शिलालेखाची कांस्याची अक्षरे केव्हाच गेली. उरली ती खिळ्यांची छिद्रे. प्राचीन इतिहासकार व पुराभिलेखतज्ज्ञ गेझा आल्फल्डी यांनी १९९० च्या दशकात छिद्रांच्या मांडणीवरून लेख लावला. त्यानुसार इ. स. ९८ मध्ये, रोमन सम्राट ट्रेजनच्या आज्ञेने, स्थानिक अधिकाऱ्यांनी जलवाहिनीचा जीर्णोद्धार केला. म्हणजे मूळ काम त्याआधीचे, बहुधा आधीचा सम्राट डोमिशनच्या काळातले ठरते. परंतु खांबांच्या पायाजवळील भरावात ट्रेजनचे ११२–११६ दरम्यानचे नाणे मिळाले आहे. भराव बांधकामाच्या वेळचाच असेल, तर ११२ पूर्वीची बांधणी संभवत नाही. छिद्रांचे वाचन एकाहून अधिक प्रकारे होऊ शकते. त्यामुळे जमिनीतील पुराव्याला अधिक वजन देणे सयुक्तिक वाटते.

१०७२ च्या स्वारीत पडलेल्या ३६ कमानी पंधराव्या शतकात पुन्हा उभारल्या गेल्या. १४७४ मध्ये इसाबेला पहिली हिची कास्तियाची राणी म्हणून येथेच घोषणा झाली. कथीड्रलचे काम १५२५ मध्ये सुरू झाले.

एका दिवसाची भेट : माद्रिदच्या चामार्तीन स्थानकातून जलद गाडी अर्ध्या तासात सेगोव्हिया-गियोमारला पोहोचवते. हे स्थानक माळावर, गावाबाहेर आहे; तेथून ११ क्रमांकाची बस जलसेतूपाशी येते. चामार्तीनऐवजी आतोचा या माद्रिदच्या दुसऱ्या स्थानकावर गेल्यास गाडी हमखास चुकते. माद्रिदमधील मोंक्लोआ बसस्थानकाहून निघणारी बस वेळ अधिक घेते, पण थेट गावात उतरवते.

जलसेतूपासून चढत कथीड्रल व पुढे टोकावरचा आल्कासार किल्ला, ही वाट रमतगमत वीस-पंचवीस मिनिटांची. आल्कासारची छपरे १८६२ च्या आगीत जळाली; आजची नंतरची आहेत. किल्ल्यातील हुआन दुसऱ्याच्या मनोऱ्याचे तिकीट वेगळे असते. जिना अरुंद, पायऱ्या दीडशेहून अधिक. गुडघे दुखत असल्यास तो टाळावा. दुपारचे जेवण दोननंतर. कोचिनियो, म्हणजे भट्टीत भाजलेले दूधपिते डुकराचे पिल्लू, ही येथील खासियत. ते ताटाच्या कडेनेच कापून दाखवतात, इतके मऊ असते. शनिवार-रविवारी जागा आधी राखावी, परतीचे तिकीटही. किल्ल्याचे संपूर्ण दर्शन मात्र गावातून होत नाही. त्यासाठी एरेस्मापलीकडील, १२०८ मध्ये अभिषिक्त झालेल्या वेरा क्रूस या बारा बाजूंच्या चर्चपर्यंत उतरावे लागते. परतीच्या चढणीसाठी अर्धा तास हाताशी ठेवावा.