टायर बदलले आणि एबीएसचा दिवा लागला

नवे अलॉय बसवले, टायर जरा रुंद घेतले, आणि काही दिवसांत डॅशबोर्डवर एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा लागला. टायरवाला म्हणतो सेन्सर गेला, सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात टायरच चुकीचे. कोणाचं खरं, हे कळायला एबीएस नेमकं काय मोजतं ते पाहावं लागतं.

गाडीचा खरा वेग एबीएसला थेट कळतच नाही. चाकाबरोबर एक दातेरी कडं फिरतं आणि शेजारचा सेन्सर त्याचे दाते मोजतो. नव्या गाड्यांत कड्याऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. कड्याला ४८ दाते असतील, तर चाकाच्या एका फेऱ्याला ४८ ठोके. एका फेऱ्यात गाडी किती पुढे गेली, हे मात्र टायरच्या परिघावर ठरतं, आणि तो आकडा कंपनीने आधीच कंट्रोल युनिटमध्ये भरून ठेवलेला असतो.

१८५/६५ आर १५ हा टायर घ्या. रुंदी १८५ मिमी. रिम १५ इंच, म्हणजे ३८१ मिमी. टायरची भिंत रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिमी, आणि ती वर-खाली अशी दोनदा मोजायची. एकूण व्यास ६२१.५ मिमी. आता रिम मोठी करून १९५/५५ आर १६ बसवला, तर व्यास येतो ६२०.९ मिमी, म्हणजे जवळपास तेवढाच. याउलट रिम तीच ठेवून २०५/६५ आर १५ घातला, तर व्यास होतो ६४७.५ मिमी, चार टक्क्यांनी जास्त. रिमचा आकडा पाहून टायर निवडणारे फसतात ते इथे.

चारही चाकं सारखीच चार टक्क्यांनी मोठी झाली, तर काटा १०० दाखवताना गाडी खरं तर १०४ ने धावते. ब्रेकलाही थोडा जास्त जोर लावावा लागतो. पण चाकांची आपसातली तुलना बिघडत नाही, आणि एबीएसचं काम मुख्यतः त्या तुलनेवर चालतं.

खरा घोटाळा होतो तो चाकं एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हा. समजा, २०५ चे टायर घातलेल्या गाडीचं एक चाक पंक्चर झालं आणि डिकीतली जुनी १८५ ची स्टेपनी लावली. ती लहान, म्हणून जास्त फेरे मारते. ब्रेक दाबल्यावर गाडीच्या वेगाचा अंदाज बांधताना सिस्टीम बहुधा सर्वांत वेगाने फिरणाऱ्या चाकाला मान देते, कारण ते सर्वांत कमी घसरत असणार. आता ते चाक स्टेपनीचंच असेल, तर उरलेली तीन चाकं काहीही न घसरता चार टक्के घसरल्यासारखी, म्हणजे गाडीच्या वेगापेक्षा तेवढी हळू फिरत असल्यासारखी, दिसतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरची पकड साधारण १० ते २० टक्के घसरणीला सर्वांत जास्त असते. त्या अरुंद पट्ट्यातले चार टक्के आधीच खोटे खर्च झाले, तर एबीएस ब्रेकचा दाब वेळेआधी सोडतं आणि थांबायला अंतर जास्त लागतं. दिवा न लागता हे होऊ शकतं, म्हणून मला ते दिव्यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं.

अर्थात थोडाफार फरक सिस्टीमला पचवावाच लागतो. नव्या टायरची नक्षी सुमारे ८ मिमी खोल असते, झिजून ती १.६ मिमीवर येते. एवढ्यानेच व्यास दोन टक्के घटतो. वळणावर तर आतल्या-बाहेरच्या चाकांत याहून कितीतरी मोठा फरक पडतो. पण सरळ रस्त्यावर एकच चाक सतत वेगळं धावत राहिलं, आणि फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, की कंट्रोल युनिट दोष नोंदवून एबीएस बंद करतं. साधा ब्रेक लागतो, पण जोरात दाबला तर चाकं जाम होऊ शकतात. अनेक गाड्यांत गाडी घसरू न देणारी ईएससीही त्यासोबत बंद होते, कारण तिलाही हेच आकडे लागतात.

टायरवाल्याचंही कधी कधी बरोबर असतं. रुंद टायर सेन्सरच्या वायरला घासतो. चाकाच्या कामात बेअरिंग बदललं आणि चुंबकीय पट्टीची बाजू उलटी बसली, तर सेन्सरला काहीच दिसत नाही. कोकणच्या खाऱ्या हवेत कड्याखाली गंज फुगून दात्यांचं अंतर बिघडतं. मग सिग्नलला हळू थांबताना पायाखाली पेडल थरथरतं, आणि दोष नव्या टायरवर येतो.

दोन्हींतला फरक ओळखायला कंट्रोल युनिटमधले आकडे दाखवणारा स्कॅनर लावून सरळ रस्त्यावर ४० च्या वेगाने जायचं आणि शेजारी बसलेल्याने चारही चाकांचे वेग वाचायचे. एखादं चाक सतत तेवढ्याच टक्क्यांनी पुढे किंवा मागे राहत असेल, तर मापं तपासा, हवेचा दाबही पाहा. आकडा मध्येच तुटत असेल, किंवा वेग कमी होताच एकदम शून्यावर पडत असेल, तर टायर काढू नका. सेन्सर, वायर आणि कडं बघायला सांगा.