बेंतोर आणि सावाह : जावातील भातखाचरांची फेरी

इंडोनेशियात सायकलरिक्षाला 'बेचाक' म्हणतात. तिला मोटर जोडली की झाली 'बेंतोर'. सुमात्राच्या मेदानपासून सुलावेसीच्या गोरोन्तालोपर्यंत ही गाडी निरनिराळ्या रूपांत धावते. जकार्तातली तीनचाकी मात्र वेगळी. ती 1975 च्या सुमारास भारतातून तिकडे गेलेली ऑटोरिक्षा असून पुण्याच्या कंपनीवरून तिला आजही 'बजाज' असेच म्हणतात. जावा बेटावरच्या योग्यकर्ता (बोलीत 'जोग्जा') भागातल्या बेंतोरमध्ये प्रवासी पुढे बसतात आणि चालक मागे. समोर ना काच, ना चालकाची पाठ; रस्त्याकडेचे खाचर थेट पायाशी येते. भातशेती पाहायला याहून चांगली बैठक नाही.

गाडीची रचना साधी असते. जुन्या मोटरसायकलचे पुढचे चाक काढून तिचा सांगाडा बेचाकच्या दोन चाकी पेटीला वेल्डिंगने जोडतात. इंजिन साधारण 100 ते 125 सीसीचे. आसन दोघांचेच, तिसरा माणूस चढला की चढावर क्लच घसरू लागतो आणि वासही येतो. बहुतेक गाड्यांना मागे जाण्याचा गिअर नसतो, त्यामुळे अरुंद बांधरस्त्यावर गाडी वळवायची तर सगळ्यांनी उतरून ढकलावी लागते. ब्रेकचा भरवसा मुख्यतः मागच्या चाकावर आणि वजन मात्र पुढे, म्हणून ओल्या उतारावर गाडी लवकर थांबत नाही. मेरापी ज्वालामुखीच्या उतारावरची गावे बेंतोरसाठी नाहीत. सपाटीवर ताशी 20 किमीच्या आसपास चालणे हेच तिचे काम. योग्यकर्ता प्रांताच्या 2016 च्या नियमावलीत पायडलचा बेचाक आणि घोडागाडी यांना पारंपरिक वाहन म्हणून स्थान आहे, मोटर लावलेल्या बेचाकला नाही. म्हणून चालक मोठे रस्ते टाळून आतल्या रस्त्यांनी जातात, आणि शेते तर तिथेच असतात.

फेरीसाठी सर्वांत सोयीचा आधार म्हणजे 'सेलोकान माताराम' हा कालवा. प्रोगो आणि ओपाक या नद्या जोडणारा सुमारे 31 किमीचा हा पाट दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी अंमलात, योग्यकर्ताचे सुलतान हामेंकुबुवोनो नववे यांच्या पुढाकाराने खोदला गेला. स्थानिक माणसे इथेच कामाला लागली तर जपानी लष्कर त्यांना वेठबिगार म्हणून दूर नेणार नाही, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. मधला भाग शहरात अडकला आहे, तो सोडावा; पश्चिमेकडचा सेयेगानचा पट्टा धरावा. कालवा दुरुस्तीसाठी अधूनमधून कोरडा ठेवतात, तेव्हा आधी चौकशी करावी.

'कोणत्या महिन्यात लावणी दिसेल?' असा प्रश्न पाहुणे विचारतात. प्रश्न महिन्याचा नसून पाणीपाळीचा आहे. जावातील मोठ्या कालव्यांवर लाभक्षेत्राचे 'गोलोंगान' म्हणजे गट पाडून, साधारण पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पाणी सोडण्याची पद्धत आहे. सगळ्यांना एकदम चिखलणी करायची झाली तर पाणी पुरणार नाही. एका गटात मात्र लावणी एकदमच उरकावी लागते. मागेपुढे झाली की उंदीर आणि तपकिरी तुडतुडे (रस शोषणारी कीड) एका शेतातून दुसऱ्यात सरकत राहतात. त्यामुळे एकाच जागी थांबले तर एकच अवस्था दिसते, गट ओलांडत 15 किमी गेले तर रोपवाफ्यापासून कापणीपर्यंत बरेच काही दिसू शकते. बेंतोरचा खरा उपयोग हा.

पाण्याखालच्या खाचराला 'सावाह' म्हणतात. उभे पीक 'पादी', तुसासकट दाणा 'गाबाह', तूस काढलेला तांदूळ 'बेरास', शिजलेला भात 'नासी'. मराठीत पीकही भात आणि ताटातलाही भात, म्हणून हे चार शब्द आधी पाठ केलेले बरे. बोलणे सोपे जाते. रोपे 18 ते 25 दिवसांची झाली की उपटतात. चिखलणी आता हातट्रॅक्टरने होते. मग लाकडी दाताळे ओढून चिखलावर आडव्या-उभ्या रेघा मारतात आणि बायका रांगेने मागे सरकत रेघांच्या छेदावर दोन-तीन रोपे खोचत जातात. अंगठा आणि दोन बोटे, खोली दोन-तीन सेंटीमीटर. खोल गेलेले रोप उशिरा फुटते, वर राहिलेले पाण्यावर तरंगते. चौकोनी पद्धतीत अंतर 25 × 25 सेंमी असते. 'जाजार लेगोवो 2:1' पद्धतीत दोन ओळींत 25 सेंमी, ओळीतील रोपांत 12.5 सेंमी आणि दर दोन ओळींनंतर 50 सेंमीची मोकळी वाट. हेक्टरी 1,60,000 चुडांऐवजी (चूड म्हणजे एका जागी खोचलेली दोन-तीन रोपे) सुमारे 2,13,000 बसतात, शिवाय प्रत्येक ओळ कडेची ठरून ऊन मिळते आणि उंदराला आडोसा कमी होतो.

सिहेरांग किंवा आयआर 64 यांसारखे वाण साधारण चार महिन्यांत तयार होतात. कापणीआधी सुमारे दहा दिवस पाणी काढून टाकतात. पूर्वी उंच देशी वाणांची एकेक लोंबी तळहातात मावणाऱ्या 'आनी-आनी' सुरीने खुडत. पिकाची देवी देवी श्री हिला मोठे पाते दिसून ती घाबरू नये, अशी त्यामागची श्रद्धा. आता विळा चालतो आणि पेंढी लाकडी चौकटीवर झोडतात. ताज्या दाण्यात सुमारे 25 टक्के ओल असते, ती 14 टक्क्यांवर आणावी लागते. त्यासाठी ताडपत्रीवर तीन-चार सेंमीचा थर देऊन तासा-दीड तासाने हलवतात. एकाच अंगाने तापलेला दाणा आतून तडकतो आणि गिरणीत त्याची कणी होते. ताडपत्री रस्त्यावरच पसरलेली असते. बेंतोर तिच्यावरून कधीही नेऊ नये, मग वळसा कितीही पडो.

सकाळी सहाला निघावे. दहानंतर शेतात माणसे राहत नाहीत, आणि नोव्हेंबर ते मार्च दुपारी पाऊस गाठतो. बांधावर उतरण्याआधी 'नुवुन सेवु' म्हणून परवानगी मागावी. वडीलधाऱ्या पुरुषाला 'पाक', बाईला 'बू'. ताजा लिंपलेला बांध पायाखाली खचतो आणि वरच्या खाचराचे पाणी खाली उतरते, म्हणून जुन्या, गवत धरलेल्या बांधावरूनच चालावे. बांधालगत उघडी तार ताणलेली दिसली तर मात्र पाऊलसुद्धा टाकू नये. उंदरांसाठी काही शेतकरी तारेत 220 व्होल्टचा घरगुती प्रवाह सोडतात. मध्य आणि पूर्व जावात स्रागेन, न्गावी या जिल्ह्यांत अशा तारांनी माणसे, अनेकदा खुद्द शेतकरीच, दगावली आहेत. तार रात्रीसाठी असली तरी सकाळी ती बंद केलेली असेलच असे नाही.