झडती

झडती : पोळ्याच्या सणाला बैलांच्या तोरणाखाली मोठ्याने म्हटली जाणारी, सहसा चार-पाच चरणांची यमकबद्ध उपरोधिक रचना, अनेकवचन झडत्या. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीपासून पश्चिमेकडे वऱ्हाडापर्यंत ती प्रचलित आहे. पोळा, बेंदूर हे सण महाराष्ट्रात इतरत्रही होतात, पण तेथे झडतीला एवढे महत्त्व नाही. हसवता हसवता समाजाला बोल लावणारे लोकवाङ्मय म्हटले की अभ्यासकांचे लक्ष भारूड आणि तमाशातील वगाकडे जाते. झडती मात्र वर्षातून एकाच संध्याकाळी, तीही बैलाचा कासरा हातात धरून म्हटली जाते. तिच्याकडे दुर्लक्ष होण्याचे हे एक कारण असावे.

प्रसंग : श्रावण अमावस्येच्या आदल्या दिवशी खांदमळणी होते. जुवाने घट्टे पडलेल्या खांद्याला तूप-हळद चोळून बैलाला ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ असे निमंत्रण दिले जाते. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सजवलेल्या जोड्या आखरावर (गावाजवळच्या गुरे जमण्याच्या मोकळ्या जागेवर), आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली, रांगेने उभ्या राहतात. मानाच्या जोडीची पूजा होऊन पोळा फुटेपर्यंत, म्हणजे तोरण तुटून जोड्या सुटेपर्यंत, जो वेळ जातो, तो झडत्यांचा. पोळा फुटल्यावर गडी जोडी घेऊन घरोघर जातो, बैलांची पूजा होते आणि गड्याला बोजारा (ओवाळणीचे पैसे) मिळतो. बाकीचा विधी सर्वांना ठाऊक आहे.

रचना : झडतीचे साधारणपणे तीन भाग पडतात : यमक बसवून देणारा निरर्थक आरंभ, मधला टोला आणि अखेरचे नमन. सर्वांत परिचित झडती खोबऱ्याच्या वाटीपासून सुरू होते. त्या वाटीचा पुढच्या मजकुराशी काही संबंध नाही. ती ‘साठी’ आणि ‘गाठी’ या यमकांची सोय करते. मग ‘महादेव रडे दोन पैशासाठी’, त्यामागून पार्वतीच्या लुगड्याला छप्पन गाठी आणि शेवटी गरिबासाठी देव कधी धावला, हा सवाल. लगेच ‘एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव’ हा घोष सगळा आखर एकमुखाने करतो. ‘गौरा’च्या जागी काही ठिकाणी ‘कवडा’ असा पाठ ऐकू येतो आणि पार्वतीची ‘पारबती’ होते.

उपरोधाची सारी करामत या जोडणीत आहे. देवाला कर्जबाजारी कुणब्याच्या पंक्तीला बसवायचे, त्याच्या बायकोच्या अंगावर फाटके लुगडे दाखवायचे, देवपणावरच बोट ठेवायचे आणि श्वास न घेता त्याच देवाला नमन करायचे. नमन झाल्यावर रागवायला जागा राहत नाही. शिवाय घोषात सगळे सामील झालेले असल्याने बोलणारा एकटा सापडत नाही. नाव महादेवाचे असले तरी दोन पैसे देणारा-घेणारा कोण, हे तोरणाखाली उभ्या प्रत्येकाला कळते. लेकी बोले सुने लागे, तसलाच हा प्रकार.

दुसरा एक प्रकार सरळ जुगलबंदीचा. त्यात प्रतिपक्षाची आई तेलातले वडे काढते आणि बाप पेढे खातो. यात समाजटीका शोधू नये. तो निव्वळ चिडवण्याचा खेळ आहे आणि समोरून तितकेच तिखट उत्तर यावे, हाच त्याचा हेतू.

उगम व काळ : झडती पूर्णतः मौखिक असल्याने तिचा काळ ठरवणे अवघड आहे. अंतर्गत पुराव्यावर विसंबणेही धोक्याचे. ‘दोन पैसे’ हा उल्लेख रुपयाचे चौसष्ट पैसे होते त्या काळातला, म्हणजे १९५७ च्या दशमान नाण्यांपूर्वीचा, मानता येईल. पण दोन पैशांचे नाणे त्यानंतरही चलनात होते, आणि ‘दोन पैसे’ म्हणजे थोडीशी रक्कम हा अर्थ बोलीत कायमचाच आहे. ‘छप्पन गाठी’चा सांधा १८९९-१९०० च्या दुष्काळाशी जोडण्याचा मोह होतो, विक्रम संवत १९५६ वरून गुजरात-राजस्थानात त्याला छप्पनिया म्हणतात. परंतु विदर्भात लोकव्यवहार शालिवाहन शकाचा, आणि ‘असे छप्पन पाहिले’ या प्रयोगात छप्पनचा अर्थ केवळ पुष्कळ. तेव्हा हा सांधा जोडू नये, हे बरे.

उगमाविषयी दोन दिशांनी विचार करता येतो. प्रश्नोत्तरांची चढाओढ पाहता झडतीचे नाते कलगी-तुऱ्याच्या, म्हणजे शाहिरांच्या दोन प्रतिस्पर्धी पक्षांच्या, शाहिरी सवाल-जबाबाशी जोडता येते. दुसरी दिशा महादेवाच्या यात्रेची. विदर्भातील भाविक महाशिवरात्रीला मध्य प्रदेशातील पचमढीच्या चौरागडावर त्रिशूळ घेऊन जातात, तर नागद्वारची यात्रा नागपंचमीच्या सुमारास, म्हणजे पोळ्याच्या थोडे आधी भरते. ‘हर बोला’चा घोष या यात्रांतही आहे. एकाने म्हणायचे आणि जमावाने उचलून धरायचे, ही रीतही तीच. झडतीला ना डफ लागतो ना तुणतुणे, शाहिराची नाममुद्राही तिच्यात नसते. त्यामुळे यात्रेकडून ती आली असण्याची शक्यता अधिक सयुक्तिक वाटते. सवाल-जबाबाचा संस्कार मागाहून झाला असेल.

रोख : वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजी अंमलाखाली होता आणि तेथे रयतवारी (सारा थेट शेतकऱ्याकडून) लागू झाली, नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या भागांत मालगुजारी (सारा मालगुजार या जमीनदारामार्फत) होती, ती १९५० च्या कायद्याने संपली. एकीकडे सावकार-पाटील, दुसरीकडे मालगुजार, असा टीकेच्या विषयांत फरक पडला असावा. सावकार मात्र दोन्हीकडे आहे. अलीकडच्या झडत्यांत कापूस-सोयाबीनचा भाव, कर्जमाफी, भारनियमन आणि मते मागायला येणारे पुढारी हे विषय येतात. म्हणणारा बहुधा सालगडी किंवा लहान शेतकरी असतो. बाईच्या तोंडची झडती विरळाच, आखर हा पुरुषांचा असल्याने.

संबंधित प्रकार : पोळ्याच्या रात्री दाराशी ठेवलेले पळसाचे मेढे (फांद्या) पाडव्याला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, सकाळी ‘घेऊन जा गे मारबत’ असे ओरडत गावाबाहेर टाकतात. नागपुरात याच दिवशी निघणाऱ्या मारबतींच्या (अरिष्टाचे प्रतीक असलेल्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीत (काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, असे सांगितले जाते) बडग्यांच्या (उपहासात्मक पुतळ्यांच्या) रूपाने महागाई आणि राजकारण्यांची टर उडवली जाते. झाडीपट्टीत दंडार व खडी गंमत या लोकनाट्यांतील सोंगे हेच काम करतात. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांचे (१८७६-१९५६) कीर्तन स्वरूपाने वेगळे असले, तरी त्याची युक्ती जवळची आहे : कर्ज काढून सण करणाऱ्याला, देवापुढे बकरे कापणाऱ्याला वऱ्हाडीत प्रश्न विचारून त्याच्याच तोंडून उत्तर काढायचे आणि ‘गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला’ या गजरात सर्वांना ओढून घ्यायचे. गाडगेबाबांवर झडतीचा प्रभाव होता असे मात्र म्हणता येत नाही. ती बोली आणि तो श्रोता, दोन्ही सामाईक होते इतकेच.

सद्यःस्थिती : ट्रॅक्टरमुळे बैलजोड्या घटल्या, तसा तोरणाखालचा वेळही आखडला. काही गावांत झडत्यांच्या स्पर्धा होतात. तेथे दूरच्या पुढाऱ्यावर मनसोक्त तोंडसुख घेतले जाते. मंचावर बसलेला गावचा पुढारी बहुधा सुटतो. तान्ह्या पोळ्याला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मुलांच्या पोळ्याला) लाकडी बैल घेऊन निघणारी मुले पाठ केलेल्या जुन्या झडत्या म्हणतात, त्यांत खोबऱ्याची वाटी हमखास असते.