लेप्याचा उजवा डोळा

लेपे हे चपटे मासे साफ करायचे म्हणजे आधी त्यांचं कातडं सोलायचं. एका टोकाला चीर द्यायची, बोटांना मीठ लावून कातडं चिमटीत घट्ट धरायचं आणि एका दमात ओढायचं. पायमोजा उतरावा तसं ते निघतं. पण सोलण्याआधी त्याच्या डोक्याकडे मिनिटभर नीट बघा. वरची बाजू मातकट तपकिरी, खालची पांढरीफटक. तोंड वाकडं, एका बाजूला मुरडलेलं. मोहरीच्या दाण्याएवढे दोन डोळे एकमेकांना खेटून एकाच बाजूला बसलेले. मासा उलटा केला तर तिकडे डोळाच नाही.

कुणी त्याला लेपो म्हणतं, कुणी लेपटी. रवा लावून तळला की चवीला उत्तम, एवढीच आपली त्याच्याशी ओळख. पण त्या दोन डोळ्यांनी जीवशास्त्रात दीडशे वर्षं वाद पेटता ठेवला होता.

आधी एक गैरसमज दूर करू. लेपा पोटावर झोपलेला नसतो, कुशीवर झोपलेला असतो. पाकटही चपटं असतं, पण ते पोटावर पसरलेलं, डावं-उजवं सारखं. लेपा म्हणजे पापलेटसारखा उभट मासा उजव्या कुशीवर आडवा झालेला. आपण ज्याला त्याची पाठ समजतो ती त्याची डावी बाजू, आणि पांढरं पोट समजतो ती उजवी. तसा आडवा झाला की उजवा डोळा वाळूत गाडला जाणार. म्हणून तो डोळा तिथे राहिलाच नाही. डोक्यावरून पलीकडे निघून गेला.

हे प्रत्येक पिल्लाच्या बाबतीत नव्याने घडतं. अंड्यातून निघालेलं पिल्लू चारचौघा माशांसारखंच असतं. सरळ पोहतं, दोन बाजूंना दोन डोळे. मग काही आठवड्यांतच एक डोळा सरकू लागतो. कवटी अजून कोवळी असते. वाटेतला कूर्चेचा भाग विरघळतो आणि डोळा माथा ओलांडतो. त्याच सुमारास पिल्लू तळाशी उतरतं, आडवं होतं आणि त्याच्या एकाच बाजूवर रंग चढतो. ही सगळी उलथापालथ थायरॉइडच्या संप्रेरकामुळे होते, म्हणजे ज्याच्यामुळे बेडूकमाशाचा बेडूक होतो त्याच संप्रेरकामुळे. जपानी शास्त्रज्ञांनी औषध देऊन पिल्लांमधलं हे संप्रेरक अडवलं, तर पिल्लं वाढत राहिली, पण डोळा जागचा हलला नाही.

पिल्लात घडतं ते दिसतं. पण मुळात अशी जात घडली कशी? १८७१मध्ये सेंट जॉर्ज मायव्हर्ट या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने डार्विनला नेमकं इथेच गाठलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: उत्क्रांती जर कणाकणाने होत असेल, तर डोळा सुरुवातीला जरासाच सरकला असणार. तरीही तो वाळूतच राहिला असणार. मग अशा अर्ध्या वाटेवरच्या डोळ्याचा माशाला फायदा काय? आणि फायदा नसेल, तर नैसर्गिक निवड तो टिकवील कशाला?

मला हा आक्षेप फार मोलाचा वाटतो. विरोधक असावा तर असा, नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवणारा. डार्विननेही तो टाळला नाही. 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' या आपल्या ग्रंथाच्या १८७२च्या सहाव्या आवृत्तीत त्याने माल्म या स्वीडिश निसर्गअभ्यासकाची निरीक्षणं पुढे केली. आडवी झालेली पिल्लं खालच्या डोळ्याने वर बघण्याची एवढी धडपड करतात, की माल्मने एका पिल्लाला तो डोळा सुमारे ७० अंशांतून वर-खाली फिरवताना पाहिलं होतं. या धडपडीचा परिणाम पिढ्यान्‌पिढ्या वारशाने उतरत गेला असावा, असं डार्विनने लिहिलं. हे निरीक्षण सुंदर आहे, पण उत्तर चुकलेलं होतं. कमावलेली सवय अशी वारशाने उतरत नाही. त्यामुळे मायव्हर्टचा प्रश्न तसाच उभा राहिला. विसाव्या शतकात जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड गोल्डश्मिट यांनी तर हे मासे एका उडीतच असे झाले असावेत, असं सुचवलं. कारण मधला मासा कुणी पाहिलेलाच नव्हता.

खरं तर तो पाहिलेला होता. इटलीतल्या माँते बोल्काच्या चुनखडीत सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे मासे पानात ठेवलेल्या फुलांसारखे दबून राहिले आहेत. तिथला अँफिस्टियम हा मासा एकोणिसाव्या शतकापासून संग्रहालयांत होता. २००८मध्ये शिकागो विद्यापीठातला मॅट फ्रीडमन हा संशोधक विद्यार्थी असे जुने नमुने तपासत होता. लंडनमधल्या नमुन्याचं त्याने सीटी स्कॅन करून घेतलं. व्हिएन्नाच्या संग्रहालयात त्याला आणखी एक मासा सापडला. त्याला त्याने हेटेरोनेक्टिस असं नाव दिलं. दोन्ही माशांच्या कवट्या वाकड्या होत्या. एका बाजूची डोळ्याची खोबण आपल्या जागी, दुसरी वर सरकलेली, पण माथा न ओलांडलेली. हे मासे पूर्ण वाढलेले होते, म्हणजे डोळा वाटेत असताना मेलेली पिल्लं नव्हती. त्यांचा डोळा आयुष्यभर तिथेच असे.

मायव्हर्टने अशक्य ठरवलेला मासा तो हाच.

अशा डोळ्याचा फायदा काय, यावरही थोडा उजेड पडला. एका अँफिस्टियमच्या पोटात त्याच्या जवळजवळ निम्म्या लांबीचा मासा सापडला. म्हणजे हा काही चिखल चाळून पोट भरणारा दुबळा जीव नव्हता. तळाशी दबा धरायचा, अंग पंखांवर थोडं उचलून धरायचं, एवढ्यानेही वर सरकलेला डोळा वाळूबाहेर येत असावा. शिकार करायला तेवढं पुरेसं होतं.

आणि अर्ध्या वाटेवरचा डोळा बघायला इटलीला जायची गरज नाही. आपल्या किनाऱ्यावर भाकस हा चपटा मासा मिळतो. त्याचा सरकणारा डोळा माथ्याच्या कडेवर येऊन थांबलेला असतो, पुरता पलीकडे जात नाही. लेप्याचे डोळे ठरल्याप्रमाणे डावीकडेच असतात. भाकसात मात्र काही डावे, काही उजवे. अँफिस्टियममध्येही असे दोन्ही प्रकार सापडले आहेत. २०२१मध्ये एका चिनी गटाने जनुकसंच वाचून दावा केला, की भाकसाचा वंश बाकीच्या चपट्या माशांपेक्षा वेगळ्या वाटेने चपटा झाला. २०२४मध्ये दुसऱ्या गटाने तो खोडून काढला आणि सगळ्यांचं मूळ एकच असल्याचं मांडलं. मला दुसरी मांडणी अधिक पटते, कारण डोळा सरकवण्यासारखा द्राविडी प्राणायाम दोनदा व्हावा याला पुरावाही तसाच भक्कम हवा. या चपट्यांच्या दूरच्या भाऊबंदांत तलवार मासा आणि आपला रावस आहे, यावर मात्र दोन्ही गटांचं एकमत आहे.

मागच्या पावसाळ्यानंतर मासळीबाजारात एका पाटीत तीन भाकस शेजारी शेजारी ठेवलेले दिसले. मी कोळीणमावशींना ते जरा सरळ करून ठेवायला सांगितले. दोघांची तोंडं उजवीकडे, एकाचं डावीकडे. "ह्यो एक उलटाच निघतो कधी कधी," त्या म्हणाल्या. मी खाली वाकून बघितलं. तिघांचाही वरचा डोळा अगदी कडेवर होता, उंबऱ्यावर पाय ठेवून उभं राहावं तसा.